बाइटक्रम की बाइटमाळ?

प्रश्न : 'बाइट्सच्या यादीत बाइट सीक्वेन्स शोधणे' (बाइट म्हणजे संगणकातला ० ते २५५ मधला एक आकडा) याचं मराठी करताना सीक्वेन्सला काय म्हणावं? श्रेणी, मालिका, क्रम? आणि सब-सीक्वेन्सला उपक्रम चालेल का?

उपक्रम आधी निकालात काढू. घडण बरोबर आहे, पण 'यादीतला उपक्रम शोधा' वाचून कुणी वृक्षारोपणाला निघेल. मालिका रात्री टीव्हीवर लागते, श्रेणी गुणपत्रिकेत असते. दहावीच्या गणितातली क्रमिका मला आवडते. फक्त ती ऐकली की पुढचं पद काढावंसं वाटतं.

राहिला क्रम. पण अनेक बाइटची एक संख्या साठवताना मोठा बाइट आधी की लहान, यालाही बाइटक्रमच म्हणावं लागेल, आणि ती भानगड वेगळी. शिवाय क्रम म्हटलं की मागेपुढे कोण एवढंच कळतं, मधे दुसरं कुणी घुसलंय का ते कळत नाही.

वाल्या कोळ्याचंच बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या एका पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना धरून. म म्हणजे २२४, १६४, १७४. र चा शेवटचा बाइट १७६, कान्याचा १९०, पहिले दोन तेच. 'मरा' आणि 'राम' दोन्हींत तेच ९ बाइट, फक्त जागा बदललेल्या. 'मरामरा'त 'राम' शोधलात तर तो सापडतो, ३ या स्थानी (मोजणी शून्यापासून). नारदांनी मात्र कुठलंही फंक्शन वापरलं नव्हतं! आता 'राजधर्म' घ्या : र, काना, म याच क्रमाने येतात, पण मधे बरीच गर्दी. क्रम जुळला, तरी 'राम' काही सापडला नाही.

म्हणून मी बाइटमाळ म्हणेन. माळेतले मणी एकाला एक लागून असतात, आणि वर्णमालेमुळे हा अर्थ आपल्या कानाला ओळखीचा आहे.

'यादीत शोधणे' हाही शब्दप्रयोग जरा जपून. वाणसामानाच्या यादीत आपण एकेक जिन्नस शोधतो, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही तसंच समजते : आकड्यांच्या यादीत [१७६, २२४] आहे का विचारलं, तर ते दोन आकडे शेजारी-शेजारी असले तरी ती 'नाही' म्हणते, कारण त्या जोडीला ती एकच जिन्नस धरते. यादीचं आधी पायथनच्या 'बाइट्स' या प्रकारात रूपांतर करून त्याचं फाइंड हे शोधायचं फंक्शन वापरलं की माळ जिथे सुरू होते ते स्थान मिळतं. नसेल तर -१. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'यादीत ही बाइटमाळ कुठून सुरू होते ते शोधणे'.