कुंदा नको, खण न्या

वहिनी, लेकीला फ्रेंच शिकायला फ्रान्समधल्या एखाद्या कुटुंबाच्या घरात ठेवायचं म्हणताय, तर आधी तारखा बघा. आपल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेची, तिकडचे उन्हाळी वर्ग बहुतेक जुलै-ऑगस्टचे. शाळेची लेखी रजा आधीच घ्या. दहावीचं वर्ष असेल तर मी सरळ नको म्हणेन. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. १२ वर्षांवरच्या मुलांना बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे व्हिसा केंद्राची फेरी धराच. आईवडील दोघांचं संमतिपत्र आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

त्या घरात दुसरं भारतीय मूल नको, नाहीतर दोघं हिंदीतच गप्पा मारत बसतील. बाकी घरात मराठी, बाजारात कन्नड करत वाढलेली आपली बेळगावची पोरं चुकत-माकत बोलायला लाजत नाहीत. जेवणाचं मात्र त्या घरच्यांना सुटं करून लिहा: मटण-कोंबडी नको, मासेही नकोत, अंडं चालेल. नुसतं 'शाकाहारी' लिहिलंत तर ताटात मासा यायचा.

आणि भेट म्हणून आपला दुधाचा कुंदा बांधून देऊ नका हं! युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतील. त्यापेक्षा खणाची पिशवी शिवून द्या.