डिफेन्सला ‘बचाव’ म्हणावं का? सॅक, ब्लिट्झ आणि अमेरिकन फुटबॉलची मराठी

चिपळूणच्या एका वाचकांनी विचारलं आहे. त्यांचा भाचा न्यू जर्सीत, एडिसनला असतो आणि न्यूयॉर्क जायंट्सचा कट्टर चाहता आहे. त्याच्याकडे राहायला गेले असताना अमेरिकन फुटबॉलचे बरेच सामने त्यांच्या पाहण्यात आले. “‘जायंट्सचा बचाव चांगला झाला’ असं मी म्हटलं की भाचा हसतो. म्हणतो, मामा, हा कसला बचाव, ते तर अंगावर धावून जातायत. मग डिफेन्सला मराठीत म्हणायचं तरी काय? आणि सॅक, ब्लिट्झ यांना आपले शब्द आहेत का?”

भाच्याचं हसणं रास्त आहे. ‘बचावणे’ हे मराठीत संकटातून निसटणाऱ्याचं क्रियापद आहे. ‘दुचाकीस्वार बालंबाल बचावला’ ही बातमी आठवा. कोर्टात बचावाचा वकील असतो, तो आरोपीच्या बाजूचा. क्रिकेटमध्ये बचावात्मक खेळ म्हणजे चेंडू नुसता तटवणं. तिन्ही ठिकाणी बचाव करणारा मार खाण्याच्या जागी उभा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये त्या जागी असतो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाचा म्होरक्या. चेंडू हातात आल्यावर पास फेकायला त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात सव्वाशे किलोच्या घरातली माणसं त्याच्यावर चालून आलेली असतात. बचावायचं असतं ते त्याला! चेंडू नसलेल्या संघाला, म्हणजे डिफेन्सला, ‘बचाव’ म्हटलं की सगळं चित्रच उलटं होतं.

यावर कोणी म्हणेल की कबड्डीत ‘बचावपटू’ आहेच की. आहे, पण तो बातमीदारांचा शब्द. मैदानाच्या कडेला उभं राहून पाहणारे ‘बचाव कर’ असं ओरडत नाहीत, ‘धर, धर’ असं ओरडतात. स्पर्धा संपल्यावर बक्षीस ‘उत्कृष्ट चढाई’ला मिळतं आणि ‘उत्कृष्ट पकडी’ला. मराठी माणूस डोळ्यांसमोरच्या खेळाबद्दल बोलतो तेव्हा क्रिया नेमकी सांगतो, आणि मला वाटतं उत्तर इथेच आहे. डिफेन्स आणि त्यातल्या खेळाडूंच्या जागांची लाइनबॅकर, कॉर्नरबॅक, सेफ्टी ही नामं आहेत तशी राहू द्यावीत. लाइनबॅकरला ‘रेषापृष्ठरक्षक’ करून कुणाचंही भलं होणार नाही. क्रियापदं मात्र आपली घ्यावीत. धरणं, पाडणं, लोळवणं, घुसणं, फळी फोडणं, हूल देणं यांत हा खेळ जवळजवळ सगळा सांगता येतो. यातलं ‘फळी फोडणं’ तर खास इथलं आहे, कारण क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी खरोखरच फळी धरून उभे असतात आणि डिफेन्सचं पहिलं काम ती फोडणं हेच असतं.

आता सॅक. पास फेकण्याआधीच, खेळ जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागे क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक. संघाला दहा यार्ड पुढे जायला चार संधी (डाउन) असतात, त्यातली एक वाया जाते आणि वर सात-आठ यार्ड मागे जावं लागतं. हा शब्द रूढ केल्याचं श्रेय डीकन जोन्सला देतात. साठच्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सच्या ‘फिअरसम फोरसम’ या चौकडीत मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर आणि लमार लंडी यांच्याबरोबर तो खेळायचा. मूळ नाव डेव्हिड. पण डेव्हिड जोन्स ढिगाने सापडतात, लक्षात कोण ठेवणार, म्हणून त्याने स्वतःच ‘डीकन’ लावून घेतलं. समोरच्याच्या हेल्मेटवर तळहाताने असा तडाखा द्यायचा की कानाखाली आवाज काढणं म्हणजे काय ते त्या गड्याला अक्षरशः कळावं. १९७७ मध्ये एनएफएल या लीगने त्या तडाख्यावर बंदी घातली.

जोन्सने या शब्दाचे दोन खुलासे वेगवेगळ्या वेळी केले. एक असा, की शहर जसं सॅक करतात, उद्ध्वस्त करतात, तसं. दुसरा असा, की समोरच्यांना पोत्यात घालून बडवायचं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असं वाटतं, पण शब्दाच्या कुळात डोकावलं तर दोन्ही एकच निघतात. शहर लुटण्याच्या अर्थाचा सॅक इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि तिथे तो ‘पोत्यात घालणे’ अशा प्रयोगातून घडला, कारण लूट पोत्यातच भरायची. मराठी वाचकाला तर यातला पहिला अर्थ घरचा आहे. जानेवारी १६६४ मधल्या ज्या घटनेला आपण सुरतेची लूट म्हणतो, तिला इंग्रजी इतिहासकार ‘सॅक ऑफ सुरत’ म्हणतात.

मग सॅकला ‘लूट’ म्हणावं का? नको. क्वार्टरबॅक पडतो तेव्हा चेंडू बहुतेक वेळा त्याच्याच पोटाशी असतो, काहीच लुटलं जात नाही. ‘पकड’ बरीच जवळ येते, कारण कबड्डीतही चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपर्यंत पोचू न देण्यात सगळी गंमत असते. अडचण दिशेची आहे. कबड्डीत सावज आपल्या अंगणात येतं, इथे त्याच्या अंगणात घुसून त्याला गाठावं लागतं. म्हणून माझं मत ‘लोळवणं’ला. ‘तिसऱ्या डाउनला क्वार्टरबॅकला लोळवला’ हे वाक्य कुठलाही खुलासा न करता कळतं.

नाम हवंच असेल तर सॅक म्हणा, पण लिंगाची भानगड आहे. मराठीत सॅक आधीपासून नांदते आहे, ती पाठीवरची, स्त्रीलिंगी. ‘त्याला आज तीन सॅक मिळाल्या’ असं म्हटलं तर शाळेत काही वाटप होतं की काय असं वाटेल. अमेरिकेतली आपली मंडळी बोलताना ऐकली तर ‘सॅक झाला’, ‘सॅक मारला’ असं पुल्लिंगी कानावर येतं, आणि ते सोयीचंही आहे.

ज्याने शब्द दिला त्या जोन्सच्या नावावर अधिकृत नोंदीत मात्र एकही सॅक नाही. लीग खेळाडूगणिक सॅक मोजायला लागली ती १९८२ पासून, आणि तो निवृत्त झाला १९७४ ला. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या सामन्यांच्या नोंदी चाळून १९६० पासूनचे आकडे जमवले आहेत, त्यात त्याचे दीडशेच्या बरेच वर भरतात. पण ते अनधिकृत.

ब्लिट्झ हा शब्द मुंबईच्या जुन्या वाचकांना परका नाही. रुसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक १९४१ मध्ये निघालं, आणि त्याच दिवसांत जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत होती. जर्मनमध्ये ब्लिट्झ म्हणजे वीज. फुटबॉलमध्ये तो शब्द रुळायच्या आधी याच चालीला ‘रेड डॉग’ म्हणायचे. जायंट्सचा लाल केसांचा खेळाडू डॉन ‘रेड’ एटिंजर चाळीसच्या दशकाच्या शेवटी क्वार्टरबॅकवर धावून जायचा, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात.

चाल अशी. अकरातले साधारण चार जण दरवेळी फळीवर धडकतातच. बाकीचे मागे थांबून पास अडवतात. त्या मागच्यांपैकी एखादा किंवा दोघे अचानक पुढे घुसले की झाला ब्लिट्झ. आत घुसणारे वाढले तितके मागे राखणारे कमी झाले, म्हणजे ही सरळसरळ जुगारी चाल आहे. क्वार्टरबॅकने चेंडू वेळेत सोडला तर मागे रान मोकळं. सर्वांत मागे उभ्या असणाऱ्या सेफ्टीलाच पुढे सोडायचा आगाऊपणा साठच्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या चक ड्रुलिस या प्रशिक्षकाने केला. त्याने त्या चालीचं सांकेतिक नाव ‘वाइल्डकॅट’ ठेवलं होतं आणि ती करायचा लॅरी विल्सन. हा विल्सन म्हणजे भलताच गडी. १९६५ मध्ये दोन्ही हात मोडले असताना, प्लास्टर घालून तो पिट्सबर्गविरुद्ध उतरला आणि त्याच हातांनी त्याने समोरच्यांचा पास पकडला.

याला मराठीत ‘धाड’ म्हणता येईल, पण धाड म्हटलं की झुंड येते, टोळधाड येते. ब्लिट्झमध्ये महत्त्व संख्येपेक्षा अवचितपणाला आहे. म्हणून ‘छापा’ बरा. ‘सेफ्टीने छापा घातला’ यात विल्सन नीट बसतो, आणि छापा फसण्याची शक्यताही शब्दातच आहे. पुढे ऐंशीच्या दशकात सिनसिनाटीच्या डिक लबो या प्रशिक्षकाने ‘झोन ब्लिट्झ’ वाढवला. त्यात लाइनबॅकर आत घुसतो, पण त्याच वेळी पुढच्या चौघांतला एखादा दांडगा धडक द्यायचं सोडून गुपचूप मागे पास अडवायला जातो. घुसणारे मोजून तेवढेच, फक्त कोण येणार ते क्वार्टरबॅकला कळत नाही. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: हूल. ‘हूल दिली’ म्हणा, विषय संपला.

चाहता म्हणून विचाराल तर मला सर्वांत आवडतो तो डिफेन्स, ज्याला छाप्याची फारशी गरजच पडत नाही. भाचा जायंट्सवाला आहे, तर त्याला ३ फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, विचारा. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स, तोपर्यंतचे अठराच्या अठरा सामने जिंकलेले. जायंट्सकडे मायकल स्ट्रॅहन, जस्टिन टक आणि ओसी युमेन्योरा. त्या रात्री पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पाच वेळा लोळला. शेवटचा सॅक तर अगदी पाहण्यासारखा. जायंट्स १७–१४ ने पुढे, अर्ध्या मिनिटाच्या आतला वेळ, ब्रेडी मागे सरकून लांबचं पाहतोय, आणि जे अल्फर्ड नावाचा पहिल्याच वर्षाचा पोरगा ऐन मधून, दोघांच्या फटीतून सरळ येऊन त्याला छातीवर घेतो. ब्रेडीला हात मागे न्यायलाही सवड मिळाली नाही. यात छापा नाही, हूल नाही, निव्वळ फळी फोडली. मामांनी हे वाक्य भाच्यासमोर टाकून पाहावं, तो हसणार नाही.

आकड्यांच्या नावांबद्दल थोडं, कारण त्यात घोटाळा होतो. ‘फोर-थ्री’, ‘थ्री-फोर’ म्हणजे पुढे किती आणि त्यांच्यामागे लाइनबॅकर किती. पण शिकागो बेअर्सचा गाजलेला ‘फोर्टी-सिक्स’ डिफेन्स म्हणजे चार-सहा नव्हे. तो सेहेचाळीसच आहे. बडी रायन या प्रशिक्षकाने ती रचना केली तेव्हा तिच्यातला कळीचा गडी होता डग प्लँक, आणि त्याच्या जर्सीवर ४६ आकडा होता. १९८५ च्या हंगामात ती रचना सर्वांत गाजली तेव्हा प्लँक संघात उरलाही नव्हता. तरी त्या हंगामाचा सुपर बोल बेअर्सनी जिंकला तो ४६–१० असा.

टोपणनावांचा मात्र अनुवाद करावासा वाटतो, आणि एका ठिकाणी तर तो मुळाहून सरस उतरतो. सत्तरच्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सने सहा हंगामांत चार सुपर बोल जिंकले. जो ग्रीन, एल. सी. ग्रीनवूड, अर्नी होम्स आणि ड्वाइट व्हाइट या त्यांच्या पुढच्या चौघांना ‘स्टील कर्टन’ म्हणत. त्यातला विनोद असा की शीतयुद्धातल्या ‘आयर्न कर्टन’मधलं लोखंड काढून तिथे पोलादनगरी पिट्सबर्गचं पोलाद बसवलं. आपल्या वर्तमानपत्रांनी आयर्न कर्टनला केव्हाच ‘पोलादी पडदा’ करून टाकलं होतं. म्हणजे मराठीत जोडकाम करायची गरजच नाही, स्टीलर्सना पोलादी पडदा म्हटलं की राजकारण आणि पोलाद दोन्ही एकदम येतात.

उलट रेजी व्हाइटचं टोपणनाव मराठीत अर्धं गळतं. १९८ सॅक नावावर असलेल्या या माणसाला ‘मिनिस्टर ऑफ डिफेन्स’ म्हणायचे. ‘संरक्षणमंत्री’ म्हणून आपण हसू, पण तो खरोखरचा दीक्षित बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता आणि इंग्रजीत मिनिस्टर म्हणजे तेही. मंत्र्याला उपदेशक करायची सोय मराठीत नाही. (उपदेश करणारे मंत्री आहेत, ती गोष्ट वेगळी.)

भाचा स्टेडियममध्ये नेईल तर तिथे आणखी एक गंमत दिसेल. प्रेक्षक ‘डी-फेन्स, डी-फेन्स’ असा घोष करतात, जोर पहिल्या अक्षरावर. याची सुरुवात पन्नासच्या दशकात जायंट्सच्याच चाहत्यांनी केली असं मानतात. त्या वेळी सॅम हफ हा त्यांचा लाइनबॅकर होता. गर्दीत कुणीतरी एका हातात पुठ्ठ्याचं मोठं ‘डी’ अक्षर धरतो आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचंच पांढरं कुंपण. डी आणि फेन्स! कोटी पोरकट आहे, पण इंग्रजीतला कुंपणवाला ‘फेन्स’ मुळात ‘डिफेन्स’चंच पहिलं अक्षर गळून तयार झाला आहे. पुठ्ठेवाला नकळत ते गळलेलं अक्षर परत जोडत असतो.

राहिले निकेल आणि डाइम, ज्यांच्याबद्दल विचारलेलं नाही पण पुढच्याच सामन्यात विचारावं लागेल. मागे पास अडवणारे नेहमी चार असतात. पाचवा आणला की निकेल, कारण निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं. आणखी एक आणला, म्हणजे दोन जादा झाले, की दोन निकेलचा डाइम. आपल्याकडे दोन आण्यांची चवली आणि दोन चवल्यांची पावली होती, त्यामुळे हिशेब मामांना लगेच समजेल. भाच्याला मात्र आधी चवली समजावून सांगावी लागेल.