५६ हर्ट्झचा खड्डा ईक्यूने का भरत नाही

तुम्ही विचारलंत, की ईक्यूने (वेगवेगळ्या वारंवारितांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) बासमधला खड्डा का भरत नाही. तुमची खोली १४ बाय १० फूट, सब (सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा स्पीकर) कोपऱ्यात, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि रुंदीच्या मधोमध. सोफ्यावर माइकने मोजलेल्या आवाजाच्या आलेखात ४० हर्ट्झला उंचवटा, ५६ ला खोल खड्डा, आणि तिथे ईक्यूने ९ डीबी वाढवूनही फरक नाही. ते बूस्ट आधी काढा. ९ डीबी म्हणजे अॅम्प्लिफायरकडून आठपट पॉवर. १५० वॉटच्या सबने १२०० वॉट कुठून आणायचे? मोठ्या आवाजात ड्रायव्हरवर ताण येईल, खड्डा मात्र तसाच राहील.

दोष सबचा नाही, खोलीचा आहे. ध्वनीचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. १४ फुटांना ४० हर्ट्झ येतात, १० फुटांना ५६. या वारंवारितांना समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची स्थिर लहर उभी राहते. मागच्या भिंतीपाशी लांबीच्या लहरीचा दाब सर्वाधिक असतो आणि रुंदीच्या मध्यावर रुंदीच्या लहरीचा जवळजवळ शून्य. तुम्ही नेमके दोन्ही ठिकाणी बसता! आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती बास फारसा शोषत नाहीत, त्यामुळे हे चढउतार आणखी तीव्र होतात.

खात्री करायला माइक फूटभर बाजूला सरकवून पुन्हा स्वीप (खालच्या सुरापासून वर सरकणाऱ्या चाचणीच्या आवाजाचं मोजमाप) घ्या. खड्डा उथळ झाला तर सोफाही तेवढाच सरकवा. घरच्यांना ते पटत नसेल तर सबची जागा शोधा: सब सोफ्यावर ठेवा, आणि जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे जमिनीलगत माइक ठेवून मोजा. जिथला आलेख सर्वांत सपाट, ती सबची जागा. ही मेहनत कुठल्याही ऑटो-कॅलिब्रेशनपेक्षा (उपकरणाने आपोआप केलेल्या जुळवणीपेक्षा) जास्त देते, असं माझं ठाम मत आहे.

मग ईक्यू. रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका दुरुस्त करणारी) लोड केली आहे ना, ते पाहा. स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर उंचवटे खोटेच गोलसर दिसतात. ४० चा उंचवटा पॅरामेट्रिक फिल्टरने (ज्याची वारंवारिता, उंची आणि रुंदी ठरवता येते) फक्त कापा, क्यू (फिल्टर किती अरुंद ते ठरवणारा आकडा) उंचवट्याच्या रुंदीला जुळेल असा. वॉटरफॉलमध्ये (आवाज विरायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आलेखात) त्याची रेंगाळणारी शेपटीही आखूड होईल आणि ढोलाचा ठोका सुटा ऐकू येईल. घरात तिघं बसत असतील तर तिन्ही जागी मोजून सरासरीवर फिल्टर लावा.

शेवटी स्पीकर आणि सब एकत्र मोजा. ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरपाशी (जिथे सब थांबून स्पीकर सुरू होतात) खाच दिसली तर रिसीव्हरमधलं सबचं अंतर थोडं थोडं बदलत ती भरेपर्यंत स्वीप घ्या.