मिसळ सोडायची का?

प्रश्न : वय ४६. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२ आलंय. साखर, रक्तदाब ठीक. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आहार-व्यायाम करा, मग बघू. रविवारची मिसळ बंद करू का? रोज किती चालू? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मटकीची उसळ तर चांगलीच; खोट तर्री, शेव आणि दुसऱ्यांदा मागवलेल्या पावात आहे. महिन्यातून एकदा खा, तर्री चमचाभर, शेव बाजूला. पण खरा हिशेब घरच्या डब्यात. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल पुरायला हवं, म्हणजे माणशी रोज तीन-साडेतीन छोटे चमचे. किटलीतून ओतू नका, चमच्याने मोजा. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तापवू नका. (तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल नाही’ला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं.) डालडा, खारी, बटर बंद.

इसबगोल सुरुवातीला एक छोटा चमचा, हळूहळू दोनदा, प्रत्येक वेळी ग्लासभर पाण्यातून. पाणी कमी पडलं तर घशात अडकतं, पोट गच्च होतं. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

गोल्फ क्लब मैदानावर आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं झपझप चाला : बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही, इतकं. गप्पा मारत रमतगमत चालणं यात धरू नका. पांडवलेणीच्या पायऱ्या नंतर. चढताना छाती दाटली, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तपासणी १२ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये.