बार्बारोसा बुडाला नसता तर?

प्रश्न : तिसऱ्या धर्मयुद्धात जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा बुडून मेला नसता, तर जेरुसलेम ख्रिस्ती सैन्याच्या हाती आले असते का?

उत्तर : कदाचित आले असते, पण टिकले नसते, असे माझे मत आहे. १० जून ११९० रोजी सम्राट आजच्या तुर्कस्तानातील सालेफ नदीत बुडाला आणि नुकतेच इकोनियम (आजचे कोन्या शहर) जिंकलेले त्याचे सैन्य बव्हंशी पांगले. ते अखंड पोहोचते, तर आक्रा या किनाऱ्यावरील शहराच्या वेढ्यात गुंतलेल्या सलादिनला, म्हणजे जेरुसलेम ताब्यात असलेल्या मुस्लिम सुलतानाला, उत्तरेकडेही मोठी फौज अडकवून ठेवावी लागली असती. मात्र ११९२ मध्ये याच धर्मयुद्धातला इंग्लंडचा राजा रिचर्ड जेरुसलेमच्या जवळून माघारी फिरला, कारण शहर घेतले तरी यात्रा पुरी झालेले योद्धे मायदेशी परततील आणि ते राखायला माणसे उरणार नाहीत, हे जाणत्यांनी ओळखले होते. ही अडचण बार्बारोसालाही चुकली नसती.