दुकानदार म्हणतो ‘एएमडी गरम होतो’, नेटवरचे म्हणतात ‘इंटेल संपलं’. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पीसी जोडून घेताना कोणाचं ऐकू?

दोघंही खरं बोलताहेत. फक्त तुमचा दुकानदार २००१ सालचं खरं बोलतोय आणि नेटवरची पोरं २०२४ सालचं. (एएमडी आणि इंटेल म्हणजे पीसीचा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, बनवणाऱ्या दोन कंपन्या.)

मी या धंद्यातला नाही. वीसेक वर्षं स्वतःचे, नातेवाइकांचे आणि नाइलाजाने सोसायटीतल्यांचे पीसी जोडून देतोय, एवढीच माझी पात्रता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ‘एएमडी गरम होतो साहेब’ हे ऐकल्याशिवाय मला कोटेशन मिळाल्याचं आठवत नाही. त्यामुळे हे वाक्य आलं कुठून याचा छडा लावायची मला फार खाज होती. ते हवेतून आलेलं नाही.

२००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक व्हिडिओ टाकला. पीसी चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, उचलून घेतला तर काय होतं, एवढंच त्यात दाखवलं होतं. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण जगला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून काही सेकंदांत धूर निघाला. आता चालू पीसीचा हीटसिंक कोण कशाला उचलेल? पण पंखा अडकू शकतो, हीटसिंकची पकड सुटू शकते, आणि तेव्हाच्या अ‍ॅथलॉनला स्वतःहून वेग कमी करून जीव वाचवण्याची सोय नव्हती. दुसरी गोष्ट दुकानदारांच्या जास्त जिव्हाळ्याची. त्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसायचं, सिलिकॉनचा तुकडा उघडाच. हीटसिंकची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवायची, आणि दाब तिरका पडला की तुकड्याचा कोपरा टचकन उडायचा. अशी एक चिप हातात फुटली की त्या दिवसाची कमाई गेली. तो माणूस पुढची वीस वर्षं गिऱ्हाइकाला काय सांगणार?

गंमत पुढे आहे. २००४ च्या सुरुवातीला इंटेलने पेंटियम ४ ची ‘प्रेस्कॉट’ नावाची आवृत्ती काढली. वेगाचा, म्हणजे मेगाहर्ट्झचा आकडा वाढवत नेण्याच्या नादात एकेक सूचना पार पाडणारी साखळी (पाइपलाइन) ३१ टप्प्यांपर्यंत लांबवली होती, आणि ती चिप असा काही ताप द्यायची की इंटेलला त्याच वर्षी तिची पुढची पिढी रद्द करावी लागली. त्याच काळात एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ काम नसेल तेव्हा वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणून गार राहायचा. म्हणजे २००४-०५ मध्ये कोणी ‘इंटेल गरम होतो’ म्हणाला असता तर ते बरोबर होतं. दुकानात मात्र वाक्य जुनंच चालू राहिलं. आणि हो, आज इंटेल असो वा एएमडी, दोघांचे प्रोसेसर ६४ बिटची जी भाषा बोलतात ती एएमडीने २००३ मध्ये आणलेली आहे. इंटेलने तेव्हा इटॅनियम नावाच्या वेगळ्याच प्रोसेसरच्या घोड्यावर पैसे लावले होते. तो पळेना, म्हणून मग एएमडीची पद्धत उचलली. म्हणूनच आजही लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) उतरवायला गेलं की फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ दिसतं आणि दर महिन्याला कोणीतरी घाबरून विचारतं, ‘माझ्याकडे तर इंटेल आहे, मी काय उतरवू?’ तेच उतरवा. उलट त्या ६४ बिटच्या खालचा सगळा पाया इंटेलचा, आणि एएमडी सुरुवातीला इंटेलच्याच चिप परवान्याने बनवत असे. दोन्हीकडचे भक्त नेटवर एकमेकांची उणीदुणी काढतात, पण या दोन घरांत सोयरीक फार जुनी आहे.

२००६ मध्ये इंटेलचा कोअर २ डुओ आला आणि चित्र पुन्हा उलटलं. २०११ मध्ये एएमडीने ‘बुलडोझर’ काढला. खोक्यावर आठ कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारे आठ मेंदू. आत बघितलं तर दोन-दोन कोअरमागे अपूर्णांकांची गणितं करणारा एकच भाग. या आठ कोअरवरून अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. मी बुलडोझरच्या दिवसांत एएमडीची बाजू घेऊन मावसभावाशी तावातावाने भांडायचो, आणि घरात तो प्रोसेसर नव्हताही. का भांडायचो? एएमडी लहान, इंटेल मोठी, म्हणून. मॅच बघताना दुबळ्या संघाकडून ओरडतो ना आपण, तसं. २०१३ मध्ये तर एएमडीने त्याच घराण्यातला २२० वॉटचा प्रोसेसर काढला, एफएक्स-९५९०. म्हणजे दुकानदाराचं वाक्य बारा वर्षांनी फिरून पुन्हा खरं झालं!

इंटेलच्या बाबतीत हौशी लोकांचा राग कुठून आला, हे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ‘इंटेल संपलं’ म्हणणाऱ्यांच्या आवाजात आज जो आनंद ऐकू येतो तो तिथला आहे. जानेवारी २००७ मध्ये इंटेलचा क्यू६६०० आला, चार कोअरचा, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. जानेवारी २०१७ मध्ये साध्या पीसीसाठीचा इंटेलचा सगळ्यात वरचा प्रोसेसर होता आय७-७७००के. त्यात कोअर किती? चार. दहा वर्षं! दर वर्षी नवा आकडा, बऱ्याचदा नवा मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य बोर्ड), आणि वेगात थोडीशी वाढ. २०११ चा आय७-२६००के घेतलेली माझ्या ओळखीची माणसं सहा-सात वर्षं तोच वापरत होती, कारण बदलावं असं काही बाजारात आलंच नाही.

त्यात २०१२ मध्ये इंटेलने आणखी एक गोष्ट केली. चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये आधी डाख लावलेला असायचा, म्हणजे उष्णता पटकन बाहेर पडायची. त्याऐवजी साधी पेस्ट भरायला सुरुवात केली. सर्वसाधारण गिऱ्हाइकाला याने काही फरक पडत नव्हता. पण ज्यांना प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा छंद, त्यांचं डोकं फिरलं. महागातला ‘के’वाला, म्हणजे वेग वाढवू देणारा प्रोसेसर घ्यायचा, तो लोखंडी पकडीत (व्हाइसमध्ये) धरून पात्याने झाकण सोडवायचं, पेस्ट खरवडून तिथे द्रवरूप धातू लावायचा आणि झाकण परत चिकटवायचं, हा उद्योग लोक करू लागले. वॉरंटी गेली तर गेली. मला विचाराल तर इंटेलविषयीची अढी चार कोअरपेक्षा या पेस्टमुळे जास्त बसली. वेग वाढला नाही हे माणूस समजून घेतो. पण आपण मोजलेल्या पैशात कोणीतरी दोन पैशांची काटकसर केली, हे विसरत नाही.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचे रायझन आले. आठ कोअरचा रायझन १७००, ६५ वॉट, ३२९ डॉलर. इंटेलच्या आठ कोअरवाल्याची, ६९००के ची, किंमत तेव्हा हजार डॉलरच्या वर होती. आणि मग बघा, दहा वर्षं न सुटलेलं कोडं सात महिन्यांत सुटलं: ऑक्टोबरमध्ये इंटेलने साध्या पीसीसाठी सहा कोअर दिले. पुढच्या वर्षी डाखही परत आला.

म्हणून एएमडी संत? छे. २०१९ चा रायझन ३६०० १९९ डॉलरला होता. २०२० मध्ये एएमडी पुढे गेली तशी त्या पिढीचा सहा कोअरवाला ५६००एक्स २९९ डॉलरला लावला, आणि त्याचा स्वस्त धाकटा भाऊ दुकानात यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. त्याच २०२० मध्ये ‘जुन्या मदरबोर्डवर नवे प्रोसेसर चालणार नाहीत’ असं जाहीर केलं होतं. लोकांनी इतकी बोंब मारली की त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. गादीवर बसलं की सगळे राजे सारखेच वागतात.

आणि इंटेल ‘मोठी’ म्हणजे किती मोठी, तेही सांगतो. युरोपियन कमिशनने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोकला. आरोप असा की पीसी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ‘बहुतेक माल आमचाच घ्या’ या अटीवर सवलती दिल्या, आणि एका मोठ्या दुकानसाखळीला फक्त इंटेलचेच पीसी ठेवण्यासाठी पैसे दिले. सवलतींचा भाग पुढे न्यायालयात टिकला नाही, काही भाग टिकला. एएमडीशी मात्र इंटेलने त्याच वर्षी १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती. तेव्हा दुकानदाराची मतं कधीकधी कुठून येतात, याचाही थोडा विचार करावा. तुमच्या दुकानदारावर मी संशय घेत नाहीये. त्याची चिप फुटली असणार, बहुतेक.

आता ‘इंटेल संपलं’ कडे येऊ. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत आणि हळूहळू खराब होत. गेम बंद पडायचे, आणि लोक बिचारे ग्राफिक्स कार्डाला शिव्या द्यायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने दुरुस्तीचा मायक्रोकोड (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण बिघडलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. त्याच महिन्यात १५ हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करणार असं जाहीर झालं, डिसेंबरमध्ये मुख्याधिकारी पायउतार झाले. तर राग समजू शकतो. पण ‘संपलं’? २०१५ मध्ये एएमडीचा शेअर दोन डॉलरच्या खाली होता आणि हीच मंडळी ‘एएमडी संपली’ म्हणून श्रद्धांजल्या लिहीत होती. मीही एक लिहिली होती, बरीच हळवी.

मग आज खरंच कोण गरम होतं? इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. २०२२ चे रायझन ७००० जोरात काम करताना ९५ अंशांपर्यंत जातात, आणि ते मुद्दाम तसेच बनवलेत. तो आकडा बघून ‘बघा, एएमडी गरमच’ म्हणणारे खूप भेटतील. पण तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. पणतीची ज्योत बंबातल्या पाण्यापेक्षा किती तरी जास्त तापलेली असते, म्हणून पणतीवर कोणी अंघोळीचं पाणी तापवत नाही. तुमची खोली किती तापणार ते वॉट ठरवतात. त्याच पिढीतला इंटेलचा १३९००के पूर्ण जोर लावला की २५३ वॉट घेतो. एएमडीचा ७९५०एक्स साधारण २३०. दोघंही विदर्भातल्या मे महिन्यात नकोत. आणि दोन्ही कंपन्यांकडे ६५ वॉटवाले साधे प्रोसेसर आहेत, जे कुणालाच गरम करत नाहीत.

माझाच पहिला पीसी हॉस्टेलवर मे महिन्याच्या दुपारी पटकन बंद पडायचा. प्रोसेसर कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही, नाहीतर खाली युद्ध पेटेल. आमच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेले जेवढे होते त्या सगळ्यांनी निदान केलं: ‘ही कंपनीच अशी.’ शेवटी कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गोधडी. टूथब्रशने साफ केली, नवी थर्मल पेस्ट लावली, पुढची तीन वर्षं तक्रार नाही. निदान करणाऱ्यांपैकी एकाचंही मत बदललं नाही.

तुमच्यासाठी सरळ सल्ला. दुकानदाराला कंपनी विचारू नका, मॉडेल विचारा: ‘कुठला गरम होतो? किती वॉटचा?’ उत्तर आलं नाही तर ते मत त्याच्याकडे बरीच वर्षं पडून आहे असं समजा. इंजिनिअरिंगच्या कामाला सध्याच्या पिढीतला सहा कोअर, ६५ वॉटचा कुठलाही चालेल. मी आज घेतला तर एएमडीचा एएम५ सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) घेईन, कारण २०२७ पर्यंत आणि पुढेही हा सॉकेट चालू ठेवू असं कंपनीने २०२४ मध्ये सांगितलं होतं, म्हणजे मुलगी शेवटच्या वर्षाला असताना नुसता प्रोसेसर बदलता येईल. इंटेलने २०२४ मध्ये सॉकेट बदलला. पण त्या दिवशी इंटेलचा सेट तीन-चार हजारांनी स्वस्त मिळत असेल तर मी निमूटपणे तो घेईन, मावसभावाला न सांगता. वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) घाला. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको.

आणि घरी आणल्यावर, आपल्याकडे ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात ते अख्खं कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात ठेवून दार लावू नका. तिथे कुठलाही गरम होतो.