वाचकांचे प्रश्न : व्हेनिसच्या विमानतळावरून जुन्या शहरात

प्रश्न : सप्टेंबरात दुपारी व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरतोय. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आणि चार मोठ्या बॅगा. हॉटेल रियाल्टो पुलाजवळ आहे. बस घ्यावी, बोट की टॅक्सी?

उत्तर : आधी हॉटेलला विचारून घ्या, सर्वांत जवळचा बोटीचा थांबा कुठला आणि तिथून दारापर्यंत पूल किती लागतात. जुन्या शहरात मोटारी जात नाहीत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. चाकाची बॅग प्रत्येक पुलावर उचलून चढवायची, उचलूनच उतरवायची. एखादा पूल चालतो. तीन म्हटले की आईबाबा बॅगांपाशी बसून राहणार आणि तुम्ही हमाली करणार.

स्वस्त पडते ती बस. वीस-पंचवीस मिनिटांत पियाझाले रोमाला पोचवते, पण मोटाररस्ता तिथेच संपतो. पुढे ‘वॅपोरेटो’ ही सार्वजनिक बोट. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवर जवळजवळ प्रत्येक थांबा घेते, २ नंबरची मोजकेच. रियाल्टोला दोन्ही थांबतात. फसगत होते ती २ नंबरमध्ये. ती दोन्ही दिशांनी सुटते आणि उलट दिशेची बोट ज्युडेक्का बेटाकडून लांबचा वळसा घेते. चढण्याआधी पाटीवर रियाल्टोचं नाव आहे ना, ते बघा. विमानतळावरून मेस्त्रेला जाणाऱ्या बसही सुटतात. मेस्त्रे खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे. तुमच्या कामाची नाही.

तुमच्यासाठी आमची पसंती आलिलागुना कंपनीच्या नारिंगी मार्गाच्या बोटीला. तिकीट बसपेक्षा महाग आणि प्रवास तासाभराचा, पण विमानतळाच्या धक्क्यावर बसलात की थेट रियाल्टो, मध्ये बॅगा हलवायला नकोत. धक्का टर्मिनलपासून सात-आठ मिनिटं चालत, छताखालून. निळा मार्ग मुरानोवरून सॅन मार्कोकडे जातो, त्यात बसू नका.

वॉटर टॅक्सी शंभर युरोंच्या पुढेच जाते. हॉटेलला स्वतःचा धक्का असेल तर ते पैसे वसूल. नसेल तर ती जवळच्या कालव्यावर सोडणार, म्हणजे पुन्हा बॅगा आणि पायऱ्या.

प्रश्न : वॅपोरेटोचा तीन दिवसांचा पास काढला, तर विमानतळाची बस त्यात येते का?

उत्तर : साध्या पासात नाही. पास घेतानाच विमानतळाची जादा रक्कम भरावी लागते. शिवाय बस चालवणाऱ्या कंपन्या दोन आहेत, एसीटीव्ही आणि एटीव्हीओ. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. वॅपोरेटोचा पास एसीटीव्हीचा, म्हणून बसही तिचीच, ५ नंबरची. आलिलागुना आणखी वेगळी. बोटीत चढण्याआधी पास धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायला विसरू नका. पास खिशात असूनही दंड होतो.

प्रश्न : हॉटेलच्या पत्त्यात नुसतं ‘सॅन मार्को’ आणि चार आकडी क्रमांक आहे. रस्त्याचं नाव का नाही?

उत्तर : शहराचे सहा भाग आहेत, त्यांना ‘सेस्तिएरे’ म्हणतात. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून या भागांनुसार लागतात, म्हणून सॅन मार्को म्हणजे त्या नावाचा प्रसिद्ध चौकच असं समजू नका. हॉटेल रियाल्टोलगतही निघू शकतं. गल्ल्यांची नावंही शहरात पुन्हा पुन्हा येतात. हॉटेलकडून नकाशावरची नेमकी खूण मागवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. अरुंद गल्ल्यांत जीपीएस भरकटतं.